वारूळ एक, बिऱ्हाडे दोन

महोदय,

काजूच्या नव्या लागवडीसाठी आमच्या भागात जेसीबीने वारुळे सपाट केली जात आहेत. वाळवी म्हणजे कीड, एवढेच आपल्याला ठाऊक. पण त्या मातीत चाललेला संसार बघण्यासारखा आहे.

मोठे वारूळ बांधते ओडोंटोटर्मिस ही वाळवी. ती वाळके लाकूड, पातेरा आत नेते आणि त्यावर बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी, आपण आवडीने खातो ती अळंबी याच बुरशीची! त्याच वारुळाच्या जाड भिंतींत अनेकदा डायकस्पिडिटर्मिस ही दुसरी, लहान वाळवी बिऱ्हाड थाटते. तिच्या वाटा वेगळ्या, ताटही वेगळे: लाकडाला ती तोंड लावत नाही, कुजक्या पाल्याचा अंश असलेली माती खाते. घर एक असले तरी अन्नावरून भांडणाचे कारण उरत नाही.

सातेरीला वारुळाच्या रूपात पुजणाऱ्या सिंधुदुर्गात हे सरसकट पाडणे मला बघवत नाही. झाडाच्या बुंध्याला खरोखर वाळवी लागली असेल तर तिथे जरूर उपाय करावा. बांधावरची, रानातली वारुळे मात्र राहू द्यावीत. कृषी सहायकांनी लागवडीपूर्वीच शेतकऱ्यांना हे सांगावे, ही विनंती.

– एक बागायतदार, वेंगुर्ले