निरंक अहवालाचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आयात-निर्यात करणाऱ्या कंपन्यांचे सरकारी लेखापरीक्षण म्हणजे व्यापाऱ्यांचा निव्वळ छळ आहे, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात नुकतेच वाचले. सीमाशुल्क खात्यात माझी एकतीस वर्षे गेली आणि त्यातली अखेरची काही वर्षे मी हेच काम गोव्यात केले, तेव्हा त्या पत्रातला राग मला अनोळखी नाही. उलट त्यातला बराचसा राग रास्त आहे, असेच माझे मत आहे. मात्र लेखकाने त्याचे खापर लेखापरीक्षणावर फोडले आहे आणि ते बंद करावे असे सुचवले आहे, ते मला पटत नाही. रोग कोठे आहे हे आतून पाहिलेल्या माणसाने लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या कामाविषयी लोकांची कल्पना अशी असते की आम्ही बंदरावर कंटेनर फोडून माल मोजतो. प्रत्यक्षात माल केव्हाच निघून गेलेला असतो. २०११ पासून शुल्काची आकारणी आयातदार-निर्यातदाराने स्वतःच करावी, अशी कायद्याची पद्धत आहे. मालाचे वर्गीकरण कोणते, मूल्य किती, सवलत कोणती, हे सारे तोच ठरवतो आणि संगणकाला जोखीम दिसली नाही तर माल विनातपासणी सुटतो. २०२० मध्ये ‘फेसलेस’ आकारणी आली, तेव्हापासून मुरगावला उतरलेल्या मालाची कागदपत्रे दुसऱ्याच शहरातला अधिकारी पडद्यावर तपासू शकतो, ज्याने वेर्ण्याची औद्योगिक वसाहत किंवा मांडवीतली खनिज वाहणारी बार्ज कधी पाहिलेली नसते. व्यवस्था वेगवान झाली ती चांगलीच गोष्ट झाली. पण व्यापाऱ्याने आपल्याविषयी जे लिहून दिले ते खरे आहे काय, हे त्याच्या दारात जाऊन, त्याची वही उघडून पाहणारा माणूस आता जवळजवळ एकच उरला आहे आणि तो म्हणजे लेखापरीक्षक. सीमाशुल्क कायद्यात २०१८ मध्ये कलम ९९-अ घातले गेले आणि त्याच वर्षी त्याचे विनियमही आले. कंपनीच्या आवारात जायचे असेल तर निदान पंधरा दिवस आधी कळवावे लागते. धाड घालणे हे वेगळ्या शाखेचे काम आहे. आम्ही दिवस कळवून जातो आणि दिलेल्या टेबलावर बसून ताळेबंद वाचतो.

या वाचनात खरी गंमत असते, असे म्हटले तर कोणी हसेल. औषध कंपनीच्या ताळेबंदाखालच्या टिपांमध्ये संबंधित कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांचा तक्ता असतो. परदेशातल्या पालक कंपनीला रॉयल्टी गेली असेल आणि ती आयात केलेल्या मालाशी निगडित व त्या विक्रीची अट म्हणून असेल, तर ती मालाच्या मूल्यात मिळवायला हवी. बंदरावरच्या कागदात ही रॉयल्टी कोठेच दिसत नाही. ती दिसते खातेवहीच्या भलत्याच पानावर, बहुधा ‘तांत्रिक सेवा’ या निरुपद्रवी नावाखाली.

आणि खनिजाच्या बाबतीत तर अख्खा प्रश्न पाण्यावर येऊन ठेपतो. २०१६ च्या अर्थसंकल्पानंतर ५८ टक्क्यांपेक्षा कमी लोह असलेल्या खनिजाच्या चुऱ्यावरचे निर्यात शुल्क शून्यावर आले आणि त्यावरच्या प्रतीच्या मालावर ते ३० टक्के राहिले. हे लोहाचे टक्के कोरड्या मालावर मोजायचे की ओल्या? गोव्यातल्याच एका निर्यातदाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच ओल्या मालावर मोजावे असा निर्णय दिला होता आणि मी ते काम पाहत होतो तेव्हा खात्याचीही तीच पद्धत होती. आता हिशेब पाहा. प्रयोगशाळेच्या अहवालात कोरड्या मालात ६० टक्के लोह आहे आणि ओलावा ८ टक्के आहे, तर ओल्या मालात लोह भरते ५५.२ टक्के. एकाच ढिगाऱ्यातला तोच माल, पण एका मापाने ३० टक्के शुल्काचा आणि दुसऱ्या मापाने शून्याचा. परदेशी ग्राहक पैसे मात्र बहुधा कोरड्या टनावरच देतो, कारण ५० हजार टनांच्या जहाजातले ४ हजार टन पाणी विकत घ्यायला तो काही वेडा नसतो. त्यामुळे ओलावा किती, हा आकडा निर्यातदाराला बिलात कमी हवा असतो आणि शुल्काच्या कागदात जास्त. दोन्ही कागद एकाच फाइलीत शेजारी शेजारी ठेवले की कोण किती ओला आहे ते कळते. जहाजाच्या पुढे, मागे आणि मध्यभागी दोन्ही बाजूंना पाण्याच्या रेषेचे आकडे वाचून मालाचे वजन काढतात, तो ड्राफ्ट सर्व्हेचा अहवाल त्यांच्या जोडीला घेतला म्हणजे तिसरा साक्षीदारही मिळतो. हे शिकायला मला दोन हंगाम लागले, आणि शिकवणारा होता बार्जवर उमेदवारी केलेला एक सर्वेक्षक. खात्याच्या प्रशिक्षणात त्यातले काहीच नव्हते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमची दोघांची तुकडी फोंडा तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात गेली होती. आपल्याकडच्या बिया कारखान्यांना वर्षभर पुरत नाहीत, म्हणून आफ्रिकेतून कच्च्या बिया येतात. बेनिन, टांझानिया, मोझांबिक हे अल्पविकसित देश आहेत आणि २००८ पासूनच्या योजनेखाली तिथल्या बियांवर सीमाशुल्क माफ आहे. आयव्हरी कोस्ट आणि घाना त्या यादीत बसत नाहीत, त्यांच्या बियांवर तेव्हा अडीच टक्के शुल्क होते. म्हणजे एक कोटीच्या मालावर अडीच लाखांचा फरक केवळ देशाच्या नावाने पडतो. या कारखान्याने सगळा माल बेनिनचा दाखवला होता आणि शुल्क शून्य भरले होते.

दुपारी वाळवणाच्या अंगणातून जाताना मला तागाचे एक पोते दिसले, त्यावर काळ्या शाईने आयव्हरी कोस्टचे नाव छापलेले होते. खोटे कशाला सांगू, माझी छाती धडधडली. मालक सत्तरीचे होते. मी पोत्याकडे बोट दाखवताच ते म्हणाले, “साहेब, पोती आम्ही फेकत नाही. चार-पाच हंगाम उकडलेल्या बिया नेण्या-आणण्याला वापरतो. हे तीन वर्षांपूर्वीचं असणार.” असे उत्तर कोणीही देईल. म्हणून मी तीन वर्षांपूर्वीची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे घोषणापत्र, मागितली. ती निघाली, माल आयव्हरी कोस्टचाच होता आणि अडीच टक्के शुल्क भरल्याची नोंद होती. मग चालू वर्षाच्या प्रत्येक खेपेचे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, पाहिले, सगळीकडे जहाजावर माल चढल्याचे बंदर बेनिनचे कोतोनू, आयव्हरी कोस्टचे आबिदजान कोठेही नाही. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रे बेनिनची, पैसे गेले ते बेनिनमधल्या विक्रेत्याच्या खात्यात, वजनेही जुळली. चार दिवस आम्ही त्या माणसाला त्याच्याच कचेरीत परका करून टाकले होते, आणि अखेर निष्पन्न काय झाले, तर हा माणूस सचोटीचा आहे. मी निरंक, म्हणजे काहीही आक्षेपार्ह न आढळल्याचा, अहवाल लिहिला. इतका समाधानाने लिहिलेला अहवाल माझ्या सेवेत दुसरा नसेल.

तो अहवाल वरिष्ठांकडून परत आला. शेरा एका ओळीचा होता: “पुन्हा पाहावे.” मी पुन्हा पाहिले, पुन्हा निरंक लिहिले, पुन्हा परत आला. या वेळी शेरा नव्हता, फोन होता. तिमाही संपत आली होती आणि तुकडीच्या नावासमोर वसुलीचा रकाना रिकामा होता. तेव्हा मी जे केले ते इथे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही. एका खेपेच्या विम्याची पावती सापडत नव्हती. पावती नसेल तर एफओबी मूल्याच्या (जहाजावर चढवेपर्यंतच्या मालाच्या किमतीच्या) १.१२५ टक्के विमा धरावा असा नियम आहे. तो धरून मी मूल्य वाढवले. सीमाशुल्क शून्यच असल्याने त्यात काही वाढले नाही, पण वाढीव मूल्यावरचा पाच टक्के एकात्मिक जीएसटी काही हजार रुपये निघाला, आणि तो व्याजासह भरावा असा पॅरा, म्हणजे अहवालातला आक्षेप, मी काढला. मालकांनी मुकाट्याने पैसे भरले. जीएसटीचे पैसे त्यांना पुढे क्रेडिट म्हणून परतही मिळणार होते, म्हणजे सरकारच्या तिजोरीत त्या कराचा एक रुपयाही खऱ्या अर्थाने वाढला नाही. आमचा रकाना मात्र भरला.

आपल्या पत्रलेखकाने ज्याला छळ म्हटले आहे तो इथे जन्मतो. लेखापरीक्षकाची कामगिरी त्याने किती रुपये ‘शोधले’ यावर मोजली, की निरंक अहवाल हा आळसाचा किंवा त्याहून वाईट कशाचा तरी पुरावा ठरतो. मग रकाना भरण्यासाठी पॅरे काढले जातात. त्याहून गंभीर प्रकार मुदतीचा आहे. साध्या चुकीची मागणी दोन वर्षांपर्यंतच करता येते. लबाडी, जाणीवपूर्वक खोटे निवेदन किंवा माहिती दडवणे असेल तर पाच वर्षांपर्यंत मागे जाता येते आणि शुल्काइतकाच दंडही बसतो. रक्कम फुगवायची असेल तर ‘जाणीवपूर्वक दडवले’ हे दोन शब्द पुरतात. असे शब्द एका नोटिशीतून दुसऱ्या नोटिशीत उचलून चिकटवलेले मी कितीदा पाहिले आहेत. ज्याने मालाच्या आठ आकडी वर्गीकरणातला शेवटचा आकडा चुकवला तो कारकून आणि ज्याने दोन बिले छापली तो ठग, हे दोघे त्या वाक्यात एकसारखे होतात. पुढे अपिलात ते टिकत नाही, पण तोवर व्यापाऱ्याची काही वर्षे आणि वकिलाचे पैसे गेलेले असतात.

महालेखापरीक्षकांच्या (कॅगच्या) तुकड्या या आमच्याहून वेगळ्या, हेही सांगायला हवे, कारण त्या पत्रात दोन्हींची सरमिसळ झाली आहे. त्या आमच्या खात्याचे काम तपासतात. पण माझ्या सेवेच्या काळात त्यांनी खात्यावर आक्षेप घेतला की खाते तो आक्षेप स्वतः अमान्य करत असतानाही, मुदत टळू नये म्हणून व्यापाऱ्याला कारणे दाखवा नोटीस देऊन ठेवत असे आणि ती फाइल ‘कॉल बुक’मध्ये, म्हणजे स्थगित प्रकरणांच्या यादीत, जाऊन पडत असे. दोन सरकारी कचेऱ्यांच्या वादात तिसऱ्याच्या नावावर मागणी उभी राहायची, ती अशी.

म्हणून लेखापरीक्षण बंद करा ही मागणी मला मान्य नाही. गोव्याने तर ती करूच नये. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल २०१२ च्या सप्टेंबरमध्ये संसदेत मांडला गेला, सुमारे ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा त्याचा अंदाज खरा की फुगवलेला यावर आपल्याकडे अजूनही भांडण होते. पण निर्यातीचे आकडे सीमाशुल्काकडे, खनिजावरच्या सरकारी रॉयल्टीचे खाण संचालनालयाकडे, जहाजांचे बंदराकडे, असे तीन कपाटांत तीन हिशेब राहतात आणि ते शेजारी ठेवून वाचणे हे कोणाचेच रोजचे काम नसते, हे मी सेवेत असताना पाहिले आहे. तिथे हवा होता तो चांगला लेखापरीक्षकच, आणि तो दोन-तीन वर्षांत बदली होऊन खनिजावरून काजूवर आणि काजूवरून औषधांवर फेकला जाणारा नसावा.

व्यापारी संघटनांनी मागायचे असेल तर एकच गोष्ट मागावी. लेखापरीक्षण संपल्यावर, ज्या काळाचे व ज्या खेपांचे कागद तपासले त्यांचा उल्लेख करून, त्यांत काही आढळले नसल्यास तसे स्पष्ट शब्दांत लिहिलेले पत्र कंपनीला ठरावीक मुदतीत मिळावे. आणि खात्याच्या तिमाही तक्त्यात अशा पत्रांची संख्या वसुलीच्या रकान्याशेजारी तितक्याच ठळक अक्षरांत यावी. बँकेपुढे, परदेशी ग्राहकापुढे असे पत्र ठेवता आले तर व्यापारी स्वतः होऊन आम्हाला बोलावील.

शेवटच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी त्या वृद्ध मालकांनी मला विचारले होते, “साहेब, आमचं सगळं बरोबर निघालं ना? तेवढं एक कागदावर लिहून मिळेल का?” मी “वरून येईल” असे म्हणालो. गेल्या महिन्यात फोंड्याच्या बाजारात त्यांची गाठ पडली. काहीच आले नव्हते.

आपला,
एक निवृत्त सीमाशुल्क अधिकारी,
फोंडा, गोवा