शनिवारची सभा: नम्रता आणि देवाला शरण जाणं

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. येत्या शनिवारी संध्याकाळी 5 वाजता म्हापशाला आपल्या नेहमीच्या हॉलवर सभा आहे, सगळ्यांनी यायचंय.

घरून बायबलमधलं योहान 13:1-17 आणि फिलिप्पै 2:5-11 वाचून या. पाय धुणं म्हणजे त्या काळी नोकराचं काम, ते येशूने, गुरू असून, स्वतः शिष्यांसाठी केलं आणि त्यातला पेत्र आधी चक्क नाही म्हणाला. मला वाटतं आपलंही तिथेच अडतं, सेवा करायला पुढे असतो पण कोणी आपली केली की अवघडतो, देवापुढेही तसंच, सगळं स्वतःच सांभाळायला बघतो. यावर मनमोकळं बोलूया.

- साक्ष 5 मिनिटांत, आणि देवाने काय केलं ते सांगा, आपण काय केलं ते नको प्लीज.
- चहा, खुर्च्या, झाडू दरवेळी तरुण मुलंच बघतात, यावेळी कमिटीने करायचं.
- कोणाशी बोलणं बंद असेल तर शनिवारच्या आधीच फोन करा, मत्तय 5:23-24 आठवा, आधी भावाशी समेट, मग देवाला अर्पण. हे खरंच मनापासून सांगतोय.

फोंडा, डिचोलीवाल्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका, परतीच्या गाडीची सोय करतो.