संपतला पत्र: दुखत नाही तोवरच जा

सांगली,
१९ जानेवारी

प्रिय संपत,

फोनवर तब्येतीचा विषय काढला की तू 'बघू की' म्हणतोस आणि लगेच सोन्याच्या भावावर येतोस. म्हणून हे पत्र. रात्री दुकान मिटल्यावर सावकाश वाच. कोइमतूरात त्या वेळेला तुला दुसरं काम नसतं, हे वहिनींनीच सांगितलंय.

परवा तू सहज बोलून गेलास, की डावीकडं घासलं की रक्त येतं म्हणून तिकडं ब्रश फिरवायचंच सोडलंय. आणि त्याच बोलण्यात म्हणालास, साखर काही केल्या खाली येत नाही, डॉक्टरांनी गोळी वाढवली. तू या दोन वेगळ्या तक्रारी धरून चाललायस. मला त्यांचा एकमेकींशी संबंध दिसतो.

आधी रक्ताचं सांगतो. हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो, त्यानं हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीला जरा धक्का लागला की रक्त येतं. ब्रशचा त्यात दोष नाही. तू तिकडं घासणं थांबवलंस म्हणजे त्या थराला रान मोकळं करून दिलंस. पुढं लाळेतले क्षार त्यात उतरून तो कडक होतो, त्याला कीटण म्हणतात. बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो ना, तसलाच प्रकार. मग तो ब्रशनं हलत नाही, दाताच्या डॉक्टरनं खरवडूनच काढावा लागतो. नाही काढला तर हिरडी दातापासून सुटते आणि खालचं हाड झिजायला लागतं. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. आणि हे सगळं चाललेलं असताना बहुतेकांना काहीच दुखत नाही.

आता साखर. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हे तुला डॉक्टरांनी सांगितलं असेल. त्याच्या उलटं क्वचितच कुणी सांगतं. हिरड्यांत सूज मुरलेली असली की शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नाही आणि साखर चढी राहते. अशा माणसांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा रक्ताच्या तपासणीतला आकडा, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपासनं कमी होतो, असं बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलंय. आकडा लहान वाटेल. पण तुझे डॉक्टर सध्या गोळी वाढवून असल्याच थोड्याथोड्या घटीसाठी धडपडतायत. गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत, माझ्या पत्राचा तसला अर्थ काढू नकोस.

सिगारेट सोडल्यापासून रक्त जास्त येतंय, असंही तू हसत म्हणालास. त्यात तथ्य आहे. ओढणाऱ्याच्या हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळं आतून आजार वाढत असला तरी रक्त कमी दिसतं. सोडल्यावर खरं रूप बाहेर येतं. हे निमित्त करून परत ओढायला लागशील, तुझा भरवसा नाही! आणि रक्तदाबासाठी तुला ॲम्लोडिपिन चालू आहे ना? काही लोकांच्या हिरड्या त्या गोळीनं फुगून दातांवर चढतात. दाखवायला जाशील तेव्हा सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या खिशात घेऊन जा.

इतकी वर्षं मेडिकलच्या काउंटरमागं काढल्यावर एक चेहरा मला लांबूनच ओळखू येतो. रात्री शटर ओढायच्या वेळेला माणूस गालाला हात लावून येतो आणि म्हणतो, "दाढेवर काहीतरी द्या, जोरातलं." लवंगेचं तेल लावून झालेलं असतं. काहीजण तर दुखायची गोळी ठेचून दाढेशेजारी दाबून ठेवतात, आणि सकाळी गालाची आतली कातडी भाजल्यासारखी पांढरी होऊन सुटते. गोळी पोटात जायची वस्तू आहे, तिचा लेप होत नाही. वर चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागायचं, आणि नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जायचं. आठवड्यानं तोच माणूस भेटला की खुशीत सांगतो, "थांबलं की आपोआप." पुष्कळदा दाताच्या आतली नस मेलेली असते, म्हणून दुखायचं थांबलेलं असतं. मग मुळाशी पू धरतो. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि गळ्यात उतरला तर श्वासाची वाट बंद व्हायची वेळ येते. एका दाढेपायी माणूस दवाखान्यात ॲडमिट होतो, आणि हे तरण्याताठ्यांच्या बाबतीतही होतं.

आपल्याकडं दाताचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा, ही समजूत काही जात नाही. दुखेना तोवर तिकडं फिरकायचं नाही. वरचा दात काढला की नजर जाते म्हणणारे अजून भेटतात. तसं काही होत नाही. दात साफ करून घेतले की हलायला लागतात, हे तर शिकलेली माणसंसुद्धा छातीठोकपणे सांगतात. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणानं फटी बुजलेल्या असतात. ते काढल्यावर फटी उघड्या पडतात आणि दोष मशिनच्या माथी. थोडे दिवस गारगरम झोंबेल, तेवढं सोसायचं.

हृदयाबद्दल तू काहीतरी वाचलंयस म्हणालास. ज्यांची हृदयाची झडप बदललेली आहे त्यांनी दात काढायच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. तोंडातले जंतू रक्तातून जाऊन झडपेवर बसू शकतात, म्हणून त्यांना आधी अँटिबायोटिक देतात. हिरड्यांचा आजार आणि हार्ट अटॅक पुष्कळदा एकाच माणसात सापडतात हेही खरं, पण एकामुळं दुसरा होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. त्या भीतीपोटी तू जावंस असं मला वाटत नाही. तुला तुझी साखर पुरेशी आहे.

एक तुझ्या धंद्यातलं. बॅटरीच्या कारखान्यांत आम्लाच्या वाफेत काम करणाऱ्यांच्या पुढच्या दातांची कडा झिजते, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. गलाईत, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या कामात, तुम्ही तेजाबाजवळच, म्हणजे जहाल आम्लाजवळच बसता. तू आता गल्ल्यावर असतोस, पण भट्टीवरची पोरं तिथंच असतात. धूर ओढणारा पंखा नीट चालतोय का बघ, आणि पोरांना तोंड मिटून, मास्क बांधून बसायला सांग. पुढचे दात पारदर्शक, पातळ दिसायला लागले असतील तर तेही दाखवून घ्या.

नातू सहा वर्षांचा झाला ना? आता त्याच्या दुधाच्या दाढांच्या मागं एकेक नवी दाढ येईल. त्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. ती कायमची दाढ असते. तिच्या खोल खाचांत पुरेपूर कीड धरते. डॉक्टर त्या खाचा लेप लावून बुजवून देतात, दुखत नाही की टोचत नाही. तेवढं करून घे. आणि पोराच्या हातात दिवसभर थोडंथोडं गोड देऊ नका. गोड तोंडात गेलं की जंतू त्याचं आम्ल करतात आणि लाळेला ते धुऊन काढायला अर्धा तास तरी लागतो. एकदम पेढा खाल्लेला परवडला, तासातासाला चघळलेलं चॉकलेट वाईट. गुळाचंही तेच. आपण उसाच्या मुलखातले, गूळ म्हटलं की औषध समजतो. दाताला साखर आणि गूळ यांतला फरक कळत नाही.

बाकी घासायचं तुला काय सांगू? फ्लोराइडची कुठलीही पेस्ट, मऊ ब्रश, आणि रात्री झोपताना घासणं चुकवायचं नाही, कारण झोपेत लाळ आटते. घासल्यावर नुसतं थुंकायचं, पाण्यानं खळखळा चुळा भरल्या की फ्लोराइड धुऊन जातं. नवं ब्रश महाग नाही, तुझं ते झिपऱ्या झालेलं टाकून दे.

आता आक्कांचं. दिवाळीनंतर गावी गेलो होतो. अजूनही तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करतात, वास गल्लीभर. दात नाहीत तरी हिरडीला लावतातच. म्हणतात, मिश्री लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. मी वाद घातला नाही, या वयात एका झटक्यात सुटणार नाही. पण जिथं मिश्री ठेवतात तिथं गालाच्या आत पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल डाग, किंवा दोन-तीन आठवडे न भरणारा छाला आहे का, हे डॉक्टरनं बघितलंच पाहिजे. तोंडाचा कॅन्सर आधी असाच, न दुखता दिसतो, आणि तेव्हा सापडला तर माणूस वाचतो. कवळी नाही, दात नाहीत, मग दाताच्या डॉक्टरकडं कशाला, असं त्या म्हणणार. तेव्हा तू फोनवर सांग, माझं ऐकत नाहीत. येत्या बुधवारी मी विट्याहून त्यांना गाडीनं घेऊन येतो. सांगली-मिरज रोडला भारती विद्यापीठाचं दाताचं कॉलेज आहे, तिथं दाखवू. रात्री आमच्याकडंच राहतील, आमची ही आतापासूनच जेवणाचं ठरवतेय.

तू यात्रेला येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढ, पण साफ करून घ्यायला तोवर थांबू नकोस. तिकडंच आठवड्यात जा, सकाळी नाश्ता करून, गोळी घेऊन. उपाशीपोटी खुर्चीत बसलास तर साखर उतरून चक्कर येईल आणि वहिनी मला बोल लावतील. डॉक्टरनं काय सांगितलं ते, आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसीचा रिपोर्ट, दोन्हीचे फोटो पाठव.

वहिनींना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुझा,
वसंत