जमिनीवरची रोपे पाण्यातली म्हणून का विकता?

माननीय संपादक महोदय,

गेल्या पावसाळ्यात मी घरी ३ फूट लांबीची काचेची टाकी मांडली. एका बाजूला पाणी आणि मासे, दुसऱ्या बाजूला माती, दगड व ओलाव्यात वाढणारी झाडे, अशा या मांडणीला पॅल्युडेरियम म्हणतात. माशांच्या बाबतीत मला कोणी फसवले नाही, रोपांच्या बाबतीत मात्र फसलो. एका दुकानातून 'पाण्यातली' म्हणून आणलेल्या ५ रोपांपैकी लकी बांबू, फिटोनिया आणि मोंडो ग्रास ही ३ मुळात जमिनीवरची निघाली. दुकानातल्या टाकीत ती पूर्ण बुडवून ठेवलेली असूनही टवटवीत दिसत होती, कारण अशी रोपे बुडाल्यावर काही आठवडे तग धरतात. पुढे फिटोनियाचा देठ चिमटीत धरला की बुळबुळीत होऊन सुटू लागला, पाण्याला वास आला आणि कुजक्या पाल्यामुळे वाढलेल्या अमोनियाने ४ गप्पी दगावले. दुकानदाराला विचारले तर म्हणाला, "गिऱ्हाईक रंग बघून घेतं, मी काय करू?"

वास्तविक हीच रोपे टाकीच्या कोरड्या भागात उत्तम वाढतात. लकी बांबूची मुळे पाण्यात आणि पाने हवेत राहिली की तो वर्षानुवर्षे टिकतो. मनीप्लँटची मुळे पाण्यात सोडली तर माशांच्या विष्ठेतून साठणारे नायट्रेट ती शोषून घेतात. म्हणून रोप घेताना त्याचे पान कुठे राहणार, हे आधी विचारावे. अनुबियास आणि जावा फर्न पाण्याखाली व काठावर, दोन्हीकडे चालतात. मात्र त्यांचा आडवा कंद वाळूत पुरला तर कुजतो, म्हणून तो दोऱ्याने दगडाला बांधावा लागतो. क्रिप्टोकोरायन या पाणवनस्पतीच्या काही जाती तर आपल्या सह्याद्रीतल्याच. रोपवाटिकेत ही रोपे बहुधा पाण्याबाहेर वाढवतात, त्यामुळे टाकीत बुडवल्यावर जुनी पाने गळतात. रोप मेले असे समजून ते उपटू नये, मुळातून नवी पाने फुटतात.

कोरड्या भागासाठी महागडे दगड आणण्याची गरज नाही. जांभ्या चिऱ्याचा सच्छिद्र तुकडा अर्धा पाण्यात ठेवला की ओल आपोआप वर चढते आणि आपल्याच गडग्यावरचे शेवाळ त्यावर रुजते. सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, दवबिंदू किंवा सीतेची आसवे ही कीटकभक्षी रोपे मात्र कोणी उपटून आणू नयेत. नापीक माती आणि भरपूर ऊन लागणाऱ्या या वनस्पती टाकीत जगत नाहीत आणि सडाही उघडा पडतो.

दुकानदारांना माझी विनंती एवढीच की, प्रत्येक रोपाजवळ 'पाण्याखाली', 'काठावर' किंवा 'जमिनीवर' अशी चिठ्ठी लावावी. टाकी बाळगणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. कॅबोम्बा, साल्व्हिनिया या पाणवनस्पतींची छाटणी केल्यावर उरलेला पाला व्हाळात किंवा तळीत टाकू नये. एवढ्याशा तुकड्यातूनही त्या पसरतात. जलपर्णीने भरलेली तळी आपण पाहतोच. मी तो पाला गच्चीवर कडकडीत वाळवतो आणि मग माडाच्या आळ्यात घालतो.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा