ड्रॅक्युला सोडून बाकी सगळं

पुणे, ५ जुलै

प्रिय बंड्या,

वहिनींचा फोन आला होता. त्यांना रोमानियाची टूर करायचीये, आणि तुझं म्हणणं असं की पद्मावतीच्या देवळात पथारी टाकून राजगड पाहिलेला माणूस झेंडी धरलेल्या पोरामागे रांगेत चालणार नाही. तुला फोनवर काही सांगायला जावं तर पहिल्याच वाक्याला तोडतोस, म्हणून बसून लिहितोय. आम्ही दोघं नुकतेच तशाच टूरवर जाऊन आलो.

आधी तुला जे ऐकायचंय तेच सांगतो. हो, ग्रुप टूर ही ग्रुप टूरच असते. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठच्या आत बॅगा खाली. बसच्या पुढच्या सीटवरून रोज धुसफूस. मॅनेजर पोरानं बिचाऱ्यानं सीट बदलायचा तक्ता करून चिकटवला, तरी ठाण्याचे एक काका ‘मला बस लागते’ एवढ्या एका वाक्यावर शेवटपर्यंत ड्रायव्हरच्या मागे बसून राहिले. रोज निघताना गणपतीची आरती, मग भेंड्या. इंदूरचं एक मराठी जोडपं होतं, ते दर तासाला शेवेची पिशवी फिरवायचे. हे तुला सोसवेल असं मी मुळीच म्हणत नाही. पण तुला माहीत नसलेलं एक गणित आहे. सगळ्या कटकटीचा भार दुसऱ्यानं उचललेला असतो, त्यामुळे डोळे मोकळे राहतात. राजगडावर आपण अर्धा वेळ पाणी आणि सरपण शोधण्यात घालवायचो, आठव.

जेवणाची वहिनींना काळजी आहे असं वाटलं. रात्री बहुतेक ठिकाणी पनीर आणि पिवळी डाळ ठेवतात. दुपारी मात्र मी आणि ही सटकून स्थानिक खाणावळीत जायचो. तिथे भाजलेल्या वांग्याचं, कच्चा कांदा आणि तेल घालून केलेलं जे काही मिळतं ते आपलं भरीतच आहे, फक्त मिरची नाही. तिथले लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, त्यांचे उपास कडक. उपासाला मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही. म्हणून हॉटेलात ‘दे पोस्त’ म्हणजे उपासाचं मागितलं की निखळ शाकाहारी ताट समोर येतं. वहिनींना हे दोन शब्द लिहून दे. गोडात पापानाश मागव, पनीरसारख्या चीजचे तळलेले वडे, वर आंबट साय आणि मुरांबा. दोघांत एक पुरतो.

बुखारेस्टचं फार सांगत नाही. हुकूमशहा चाउशेस्कूनं बांधायला घेतलेला तो अवाढव्य संसदवाडा बघितला. हजाराच्या वर खोल्या, आणि त्याच्यासाठी शहरातल्या जुन्या वस्त्याच्या वस्त्या पाडल्या. बाहेरून बघून पुढे जावं.

मग डोंगर सुरू होतात. सिनाया हे कार्पेथियन पर्वतातलं थंड हवेचं गाव, आणि त्याच्या वरच्या अंगाला झाडीत पेलेशचा राजवाडा. किल्ला म्हणतात खरा, पण लढायचा काही संबंध नाही. रोमानियाला राजा हवा होता म्हणून १८६६मध्ये जर्मनीहून एक राजपुत्र आणला, तो पहिला कॅरोल. त्यानं १८७३मध्ये हे काम काढलं आणि १९१४मध्ये तो गेला तोवर भर घालणं चालूच होतं. १६० खोल्या. बुटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या चढवून आत सोडतात. मुख्य दालनात तीन मजले अक्रोडाचं कोरीवकाम चढत गेलंय, आणि वर रंगीत काचेचं छत आहे ते विजेच्या मोटारीवर सरकतं! उन्हाळ्यात राजेसाहेब आकाश उघडायचे. हिला तिथून हलवणं अवघड झालं. मला विचारशील तर फार शिगोशीग भरलंय, डोळ्याला टेकायला रिकामी भिंत मिळत नाही. शेजारी धाकटा पेलिशोर वाडा आहे, तो मला जास्त आवडला. तिथली राणी मारी, व्हिक्टोरिया राणीची नात. तिचं काळीज, हो खरोखरचं हृदय, चांदीच्या पेटीत घालून ठेवलं होतं. ते किती ठिकाणी फिरून शेवटी २०१५मध्ये याच वाड्यात आणून ठेवलं.

आता ब्रानचा किल्ला. इथे तुला हसायला येईल. बसमधून उतरल्यापासून ड्रॅक्युलाचे मग, ड्रॅक्युलाचे टी-शर्ट, प्लॅस्टिकचे सुळे. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी सुळे लावून फोटो काढले, नाशिकच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनीसुद्धा. ज्या ब्रॅम स्टोकरनं १८९७मध्ये ती कादंबरी लिहिली तो रोमानियात कधी पाय ठेवायला गेला नाही, आणि ज्या व्लाद नावाच्या जुन्या राजावरून नाव उचललं त्याचा या किल्ल्याशी नाव घेण्यासारखा संबंध नाही. खरी गोष्ट कुणी विकत नाही. १३७७मध्ये हंगेरीच्या राजानं ब्राशोव्हच्या जर्मन व्यापाऱ्यांना लेखी परवानगी दिली की खिंडीवर दगडी किल्ला बांधा, पण स्वतःच्या खर्चानं. म्हणजे हा घाटावरचा जकातनाका! खिंड रोखून धरणारं ते ठाणं बघताना मला सारखा नाणेघाटातला जकातीचा रांजण आठवत होता. आत जिने इतके चिंचोळे की एक रांग अडली की सगळा किल्ला अडतो. १९२०मध्ये तो राणी मारीला भेट मिळाला, आणि बाईनं किल्ल्याच्या खोल विहिरीत चक्क लिफ्ट बसवून घेतली, खाली बागेत उतरायला. गडावरच्या टाक्यात लिफ्ट! तुला हे आवडणार नाही, मला आवडलं.

ब्राशोव्ह हे गाव मात्र वेळ देऊन बघण्यासारखं. मधोमध चौक, त्याच्या कडेला काळं चर्च. १६८९च्या आगीत काळवंडलं म्हणून ते नाव. आत प्रोटेस्टंट साधेपणा, आणि त्या साध्या भिंतींवर लटकवलेले शंभराच्या वर तुर्की गालिचे. पूर्वेशी व्यापार करणाऱ्या लोकांनी देवाला वाहिलेले, त्यातले कितीतरी नमाजाचे. ज्या तुर्कांच्या भीतीनं गावाला तट घातला, त्यांच्याकडचेच गालिचे चर्चमध्ये, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मागच्या टाम्पा डोंगरावर गावाचं नाव पांढऱ्या अक्षरांत उभं आहे. १९५०पासून दहा वर्षं या गावाचं नाव स्टालिनच्या नावावर होतं, आणि तेव्हा डोंगरावर झाडं अशी लावली होती की दुरून स्टालिन असं वाचता यावं. आपल्याकडे नामांतरावर भांडणारांनी एकदा जाऊन यावं.

एक गोष्ट मनाला लागली. तटाच्या आत राहायचा, घर घ्यायचा हक्क जर्मनांना. ज्यांचा हा देश म्हणतात ते रोमानियन लोक शेकडो वर्षं तटाबाहेर, श्केई नावाच्या वस्तीत. त्यांची पहिली शाळाही तिथेच, वेशीबाहेर. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘चला, जगात सगळीकडे सारखंच.’ असं म्हणून मोकळं होता येतं, पण गावकुसाबाहेरचं ऐकत वाढलेल्या आपल्या माणसानं तरी तिथून इतक्या झटक्यात निघू नये असं मला वाटलं. मी आणि ही संध्याकाळी पुन्हा चालत गेलो. साधी उताराची घरं, लिंडनच्या झाडांना फुलोरा आलेला, सगळी गल्ली वासानं भरलेली.

त्याच रात्री जेवताना सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले. युद्ध झालं की भूकंप, कुणाला कळेना. ठाण्याचे काका पासपोर्टची पिशवी छातीशी धरून उभे! वाढणारा पोरगा शांतपणे म्हणाला, अस्वल आलंय, बाहेर जाऊ नका. तिथे अस्वल वस्तीत उतरलं की सरकार आसपासच्या सगळ्या फोनांवर इशारा पाठवतं. मग सूप पुढे चालू.

सिबिऊला छपरांना डोळे आहेत. माळ्यावर हवा खेळावी म्हणून ठेवलेले लांबट झरोके, पण वर कौलांची पापणी अशी की पूर्ण चौक आपल्याकडे अर्धवट झोपेत बघतोय असं वाटतं. १८५९चा लोखंडी पूल आहे, त्यावर उभं राहून खोटं बोललं तर तो कोसळतो म्हणतात. काकांना लोकांनी तिथे नेऊन ‘बस लागते का हो?’ विचारलं. पूल टिकला, काका काही बोललेच नाहीत.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. दुसऱ्या दिवशी ट्रान्सफागाराशान होतं, तो नागमोडी घाटरस्ता, २०४२ मीटरपर्यंत चढणारा. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याचाच फोटो. सकाळी बसमध्ये मॅनेजरनं माइक घेतला आणि सांगितलं की रस्ता बंद आहे, वर बर्फ आहे. अरे, जूनमध्ये तो बऱ्याचदा बंदच असतो! बहुतेक जूनच्या अखेरीस किंवा जुलै उजाडल्यावर उघडतो. हे कंपनीला माहीत नसेल? जो गदारोळ झाला तो विचारू नकोस. मुख्याध्यापिकाबाईंनी पैसे परत मागणारा अर्ज तिथेच वहीच्या पानावर लिहून सह्या घेतल्या. मीही केली. तेव्हा आमची तिथली गाइडबाई, एके काळी शाळेत इतिहास शिकवायची, ती हळूच म्हणाली, सिघिशोआराच्या वाटेवर बिएर्तान आहे, तिथे नेते.

बंड्या, असं गाव आपण कुठे पाहिलं नाही. विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी, कडेनं द्राक्षमळ्यांच्या जुन्या उतरणी, आणि मधल्या टेकाडावर चर्च, त्याला एकात एक तीन तट. बाराव्या शतकात हंगेरीच्या राजानं सरहद्द राखायला म्हणून जर्मन शेतकरी आणून वसवले, त्यांना सॅक्सन म्हणतात. सरहद्दीवर ना राजाची फौज, ना जवळ मोठा किल्ला. मंगोल येऊन गेले, मग तुर्कांच्या स्वाऱ्या. तेव्हा गावानं स्वतःच्या चर्चलाच तट घातले. घंटा झाली की पोरंबाळं, धान्य, सगळं आत. पुष्कळ गावांत एक बुरूज फक्त डुकराच्या चरबीच्या लगड्या टांगायला, घराघराची खूण मारलेल्या, शांततेच्या काळातसुद्धा. हे ऐकून आमचे शाकाहारी लोक त्या बाजूला फिरकले नाहीत.

चर्चच्या आतल्या एका खोलीत गावाची पुंजी ठेवायचे. तिच्या दाराचं कुलूप मी किती वेळ बघत होतो. आतल्या अंगाला सगळं यंत्र उघडं आहे. एकच किल्ली फिरवायची आणि चारी बाजूंनी डझनभराहून जास्त आगळा भिंतीत घुसतात. पाचशे वर्षांपूर्वीच्या गावातल्या लोहाराचं काम! १९००च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मिरवून आणलंय. आणि तटाला लागून एक खोली, घटस्फोट मागणाऱ्या जोडप्याला कोंडायची. एक पलंग, एक ताट, एक चमचा. तीनशे वर्षांत एकच घटस्फोट झाला असं सांगतात. ठाण्याच्या काकू बस सुरू झाल्यापासून जवळजवळ पहिल्यांदा बोलल्या. ‘आणि तो चमचा धुवायचा कुणी?’

आपल्याकडे गडाला हवालदार, सबनीस, सरनोबत. गड राज्याचा, शिबंदी राज्याची. म्हणूनच ते राज्य उभं राहिलं, आणि २०२५मध्ये आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा तू पेढे वाटलेस. पण इथे शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी आपली वर्गणी काढून, आपल्या हातानं किल्ला बांधला, हा प्रकारच वेगळा. सिघिशोआराला तर बुरूज जातीवार, म्हणजे धंदेवार वाटून दिलेले. शिंप्यांचा, चांभारांचा, खाटकांचा, दोर वळणाऱ्यांचा, कातडी कमावणाऱ्यांचा. ज्याचा बुरूज त्यानं बांधायचा, डागडुजी करायची आणि वेळ आली की त्यावरून लढायचं. नऊ अजून उभे आहेत, आणि तटाच्या आत लोक राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात. डोंगरावरच्या शाळेत पोरांना बर्फात जाता यावं म्हणून १६४२मध्ये बांधलेला छप्पर घातलेला लाकडी जिना आहे, पावणेदोनशे पायऱ्यांचा. व्लाद जिथे जन्मला म्हणतात ते पिवळं घर तिथेच, खाली हॉटेल. ग्रुप तिथे गेला, मी जिन्यावर गेलो.

पण बिएर्तानमध्ये गाइडबाईनं जे सांगितलं त्याचा विचार अजून डोक्यात आहे. ही गावं कुणी जिंकून रिकामी केली नाहीत. चाउशेस्कूच्या काळात पश्चिम जर्मनी माणशी पैसे मोजून एकेका सॅक्सनला सोडवून नेत होती, आणि १९८९मध्ये राजवट कोसळल्यावर उरलेले बहुतेक दोन-चार वर्षांत स्वतःच निघून गेले. महायुद्धाआधी देशात सात लाखांवर जर्मन होते, आता जेमतेम वीस-पंचवीस हजार. काही गावांत चर्चची किल्ली एका म्हाताऱ्या शेजाऱ्याकडे असते, तीही रोमानियन किंवा रोमा, म्हणजे जिप्सी, घरात. गंमत बघ, त्यातल्याच उरलेल्या समाजातला एक शिक्षक आधी सिबिऊचा महापौर आणि मग २०१४मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

तेव्हा माझं मत असं. वहिनींना ग्रुपबरोबर जाऊ दे आणि तूही जा, पण माहितीपत्रकात बिएर्तान किंवा विस्क्री (तेही तसंच, चर्चला तट घातलेलं गाव) यांपैकी एक तरी नाव असेल तरच पैसे भर. नसेल तर आपण चौघं जाऊ, सप्टेंबरात, म्हणजे तो घाटरस्ताही उघडा असेल. बुखारेस्ट ते ब्राशोव्ह आगगाडी आहे, पुढे गाडी ठरवायची आणि गावात खोली घेऊन राहायचं. २०२५पासून रोमानिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटात, आलाय, तेव्हा शेंगेन व्हिसा काढावा लागेल, आणि तारखा लवकर मिळत नाहीत. तुझा पासपोर्ट कधी संपतो ते आजच्या आज बघून वहिनींना सांग, त्या मला रविवारी फोन करणार आहेत.

तुझा,
दिन्या