शाळा सुधारणा समिती सदस्य व पालकांसाठी सूचना

बेळगाव जिल्ह्याच्या (कर्नाटक) खानापूर तालुक्यातील आपल्या सरकारी मराठी शाळेच्या सुधारणा समितीचे सर्व सदस्य आणि पहिली ते सातवीच्या विद्यार्थ्यांचे पालक यांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यानंतर दुपारी 12 वाजता सातवीच्या वर्गात हजेरी व वर्तनाविषयी सभा होईल.

भाताच्या रोप लावणीच्या दिवसांत वर्ग निम्मे रिकामे दिसतात. शेतीची अडचण आम्हा सदस्यांच्या घरीही आहे, त्यामुळे कोणाला दोष देण्यासाठी ही सभा नाही. मात्र धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी दरवेळी मोठ्या मुलीलाच घरी ठेवले जाते, ते थांबले पाहिजे.

1. मूल गैरहजर राहणार असल्यास शाळा भरण्यापूर्वी वर्गशिक्षकांना कळवावे. सलग तीन दिवस निरोप न आल्यास त्या गल्लीतील सदस्याने घरी जाऊन चौकशी करावी.

2. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. त्यामुळे "दोन छड्या मारा, सरळ होईल" अशी विनंती पालकांनी गुरुजींना करू नये. मारामारी किंवा शिवीगाळ झाल्यास पालकांना बोलावून मुलाची बाजूही ऐकून घेतली जाईल.

3. कन्नडच्या तासाला मुले बुजतात. चांगले कन्नड बोलणाऱ्या पालकांनी आठवड्यातून एकदा गोष्ट सांगण्यासाठी यावे. नावे सभेतच नोंदवावीत.

आई-वडिलांपैकी एकाने स्वतः उपस्थित राहावे.

अध्यक्ष, शाळा सुधारणा समिती