जुगाराला बंदी, मग ‘क्रेट’ला का नाही?

मा. संपादक, स. न. वि. वि.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. रमीच्या जाहिराती दिसेनाशा झाल्या, पालकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. माझे कराडात मोबाइल रिचार्जचे दुकान आहे. काउंटरवर बसून जे दिसते त्यावरून सांगतो, शाळकरी पोरांचे पैसे रमीत जात नव्हतेच. ते मोबाइल गेममधल्या ‘क्रेट’ (नशिबाची पेटी) आणि ‘स्पिन’ (नशिबाचे चक्र) यांत जातात, आणि तो धंदा जोरात चालू आहे.

ज्यांच्या घरात हे खूळ अजून शिरलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेम फुकट असतो. पण त्यातले बंदुकीचे रंग, पात्रांचे कपडे, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘स्किन’, यांतले जे भारी असते ते सहसा सरळ विकत मिळत नाही. आधी रुपये मोजून डायमंड, म्हणजे गेममधले चलन, घ्यायचे, डायमंड देऊन पेटी उघडायची, आणि आत काय निघेल ते नशीब. डायमंडचे पॅकही असे बेतलेले की पेटी उघडून थोडे उरतात आणि पुढच्या पेटीला थोडे कमी पडतात. काय निघण्याची किती शक्यता, हे जाहीर करण्याची अट अ‍ॅपलने २०१७ पासूनच घातली आहे. पण तो तक्ता असतो कोपऱ्यातल्या बारीक खुणेमागे, इंग्रजीत, टक्क्याच्या अपूर्णांकात. सातवीतल्या पोराने तो उघडून वाचावा, ही अपेक्षाच हास्यास्पद आहे.

नव्या कायद्यात पैसे लावून पैसा किंवा तत्सम लाभ मिळण्याची आशा असेल, तर तो ‘मनी गेम’. पेटीतली स्किन कंपनी परत विकत घेत नाही, तेव्हा हा जुगार नव्हेच, असे म्हणायला कंपन्यांना वाव उरतो. बेल्जियमने मात्र २०१८ मध्येच अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवले.

शाळा सुटली की माझ्याकडे टोळकी येतात. “काका, शंभरचे डायमंड मारून द्या ना.” हातात घामेजलेली नोट, वहीच्या मागच्या पानावर प्लेअर आयडी. पोराकडे यूपीआय नसते, म्हणून टॉप-अप दुकानदाराच्या फोनवरून. “थांब, घरी फोन लावतो,” म्हटले की पोरगे “राहू द्या” म्हणून पुढच्या दुकानात. तिथे वर दहा रुपये घेऊन काम होते.

आता यात कायदा कुठे अडतो पाहा. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती हवी, असे २०२३चा डेटा संरक्षण कायदा सांगतो; तो मोडला तर २०० कोटींपर्यंत दंड. पण कंपनीच्या दप्तरी पैसे भरणारा कोण, तर चाळिशीतला दुकानदार. हात झटकायला ती मोकळी.

बाहेर काय झाले तेही बघण्यासारखे आहे. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’ गेमच्या एपिक कंपनीला २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलर मोजावे लागले. मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली आणि बटणे अशी ठेवली की चुकून दाबले तरी खरेदी होई, हे तिच्यावरचे आरोप. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’च्या कंपनीला तिथे २०२५ मध्ये दोन कोटी डॉलर भरावे लागले, सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या विकायच्या नाहीत, हेही मान्य करावे लागले. सर्वांत निर्ढावलेला प्रकार दक्षिण कोरियाचा. ‘मेपलस्टोरी’ या गेममध्ये पैसे भरले की पात्राच्या शस्त्रांना नशिबाने काही गुण मिळतात; त्यांतल्या हव्याशा गुणांची शक्यता नेक्सॉन कंपनीने गुपचूप घटवली, गुणांच्या काही जोड्यांची तर शून्यावर आणली. लोक वर्षानुवर्षे पैसे ओतत राहिले, जे निघणारच नव्हते त्यासाठी. जानेवारी २०२४ मध्ये तिला ११.६ अब्ज वॉन दंड झाला आणि मार्चपासून शक्यता जाहीर करणे तिथे कायद्याने सक्तीचे झाले.

गेम बनवणाऱ्यांनी उपाशी राहावे, असे माझे म्हणणे नाही. स्किन विका, पण रुपयात किंमत लिहून, दुकानात शर्ट विकतात तशी. नशिबाची पेटी ठेवायचीच असेल तर शक्यता पेटीवरच मराठीत लिहा आणि अठरा वर्षांखालील मुलांना ती उघडूच देऊ नका. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी खास धोरण मंजूर केले. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंना त्यातून सवलत देताना ही अट घालायला काहीच हरकत नसावी.

आणि मुलांना पालकांच्या परस्पर रोखीने टॉप-अप मारून देणाऱ्या दुकानदारालाही दंड ठेवा. मला चालेल. शेजारच्या दुकानदाराचे मात्र सांगता येत नाही.

– एक मोबाइल दुकानदार, कराड